सहानुभूती परत पाठवत आहे

कोपर, डोंबिवली पश्चिम
रविवार, जेवणं उरकल्यावर

देवरुखच्या माजी हेडबाई आणि आमच्या विहीणबाई सगुणाबाई यांना कोपरच्या विद्यमान शिपाई मालन यांचा उभ्याने नमस्कार. (वाकून केला असता, पण मग सरळ करायला दोन माणसं लागतात. घरात आत्ता एकच आहे आणि ती पत्र लिहिते आहे.)

तुमचा खोकला गेला का, गुडघे काय म्हणतात, परसातल्या फणसाला यंदा लागलेत का, हे सगळं मी विचारलं आणि तुम्ही सांगितलं असं समजा, कारण मला पुढचं बोलायची फार घाई आहे. विनिताताईंच्या हाती तुम्ही पाठवलेलं कैरीचं लोणचं आणि तुमची सहानुभूती, दोन्ही पोचलं. लोणचं तळाला गेलंय. सहानुभूती मात्र परत पाठवते आहे, कारण ती चुकीच्या पत्त्यावर आली. आधी मी ती ठेवून घेतलेली, खोटं कशाला बोलू? या वयात कोणी आपणहून काही दिलं तर नको म्हणवत नाही. पण ती घरात राहिली तर तुमच्या लेकीचं आणि नातीचं नुकसान होणार, आणि मुख्य म्हणजे माझं होणार.

पत्र मी सांगते आहे आणि लिहिते आहे तुमची नात उर्वी. मला अक्षर ओळखत नाही आणि मी अक्षराला ओळखत नाही, आमचं एकमेकांशी बरं चाललंय. उर्वीचं हे आजचं श्रुतलेखन. तिने मला कंस नावाचा एक प्रकार दाखवला आहे, म्हणजे कागदावरची कानगोष्ट. बोलायचं सगळं, पण हळू. मला तो इतका आवडलाय की सांगता सोय नाही. (बघा, हा घातला.) तिनेही मध्ये मध्ये स्वतःचे घातले तर मला दिसणार नाहीत, तुम्ही समजून घ्या. (घातले तर खाली उ. लिहीन. — उ.)

फोन का नाही केला म्हणाल, तर केला होता. दोनदा. दोन्ही वेळा मी 'हॅलो' म्हणेपर्यंत तुम्ही 'काही बोलू नका मालनताई, मला सगळं कळतं' म्हणून रडायला लागलात. मग मलाही भरून आलं, कारण समोरचं रडलं की मला आवरत नाही, आणि दोघी मनसोक्त रडून आपण फोन ठेवून दिला. कशासाठी रडलो ते निदान मला तरी ठाऊक नव्हतं. पत्राला मध्ये तोडता येत नाही. फाडता येतं, पण तुम्ही जन्मभर शिक्षिका होतात, शेवटपर्यंत वाचून चुका काढल्याशिवाय तुम्ही कागद फाडणार नाही याची मला खात्री आहे.

तर झालं असं. गेल्या महिन्यात कळव्याला माझ्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं. तुमच्या भावजय विनिताताई त्याच इमारतीत राहतात, त्यामुळे त्यांनाही बोलावणं होतं. पाळण्यापाशी आम्ही बायका घुगऱ्या खात बसलेलो. त्यांनी सहज विचारलं, 'काय मालनताई, आमच्या संचिताने नोकरी सोडली म्हणे, करते काय दिवसभर?' मी म्हटलं, 'करणार काय, घरात शाळा करते!' आणि हसले. अहो, कौतुकाने हसले हो! पण तोंडात घुगऱ्या होत्या, त्यामुळे हसू वाकडं दिसलं असणार. वर आणखी सांगितलं, 'सकाळपासून तिची शाळाच चालू. मी आपली तिच्या हाताखाली. तिने डोळ्याने खुणावलं की उठायचं.' विनिताताईंच्या हातातली वाटी तिथेच थांबली. मला वाटलं, हरभरा टोचला.

आता देवरुखात शाळा म्हणजे शाळा. पण आमच्याकडे, ठाण्यापासून थेट कल्याणपर्यंत, कोणी कोणाला गोड बोलून फसवलं, पाठीमागून डाव टाकला, की पोरं म्हणतात, 'माझी शाळा केली रे त्याने.' विनिताताईंच्या घरात दोन कॉलेजात जाणारी मुलं आहेत, त्यांना हाच अर्थ पाठ. त्यांनी तुम्हाला नुसती बातमी नाही कळवली, अर्थासकट कळवली. तुमची मुलगी सासरी शाळा करते, सासूला हाताखाली ठेवते, डोळ्याने खुणावून उठवते, आणि सासू बिचारी चारचौघांत हसून साजरं करते! ज्या शब्दावर तुम्ही आयुष्यभर पगार घेतला त्याच शब्दाने तुमच्या लेकीला नाव ठेवलं गेलं, म्हणजे तुम्हाला काय झालं असेल ते मी समजू शकते. मी असते तर लोणचं पाठवलं नसतं, स्वतः आले असते.

विहीणबाई, आता खुर्चीत नीट बसा आणि पाण्याचा तांब्या जवळ घ्या. तुमची मुलगी खरोखरच शाळा करते. फळा, खडू, वेळापत्रक, अपूर्णांक, अशी शाळा. घरात. हॉलमध्ये. विद्यार्थी एक, तो म्हणजे उर्वी. तिला गेल्या जूनपासून बाहेरच्या शाळेतून काढली आहे. (काढली नाही, काढून घेतली. काढली म्हटलं की मी काहीतरी केलं असं वाटतं. — उ.)

पाणी प्यालात? मग का काढलं ते ऐका. मागच्या वर्षी सकाळी शाळेची बस कोपऱ्यावर वळली की पोरीच्या पोटात दुखायचं. आधी आम्ही ओवा दिला, मग डॉक्टर केला, मग दुसरा डॉक्टर केला, त्याने पोटाचा फोटो काढून घेतला. फोटोत पोट अगदी रिकामं. पण दुखणं खरं होतं हो, घामाने कपाळ भिजायचं तिचं. आणि हे दुखणं मोठं हुशार, रविवारी यायचं नाही, दिवाळीत यायचं नाही. शाळेत कोणी मारलं नाही की टोचून बोललं नाही. वर्गात इतकी मुलं की हिचा आवाज बाईंपर्यंत पोचायचाच नाही, आणि हळूहळू हिने आवाज काढणंच सोडलं. घरीसुद्धा. मी विचारलं 'भूक लागली का?' तर मानेने सांगायची. मला अक्षर येत नसलं तरी माणसं वाचता येतात, आणि हे पोर मिटत चाललेलं मला दिसत होतं. संचिता ठाण्याच्या ऑफिसातून रात्री घरी यायची आणि झोपलेल्या मुलीकडे बघत बसायची. एक दिवस तिने नोकरी सोडली आणि म्हणाली, 'आई, मी उर्वीला घरीच शिकवणार. परीक्षा पुढे बाहेरून देता येते.'

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, 'अगं, मी घरीच शिकले, बघ काय झालं ते!' (हे मी विनोदाने बोललेले. ती हसली नाही.) आठवडाभर मी धुसफुसत होते. लोक काय म्हणतील, पोर एकलकोंडी होईल, लग्नात काय सांगायचं, सगळं बोलून घेतलं. साईनाथने मात्र लगेच हो म्हटलं. पण तो माझाच मुलगा, त्याला न विचारलेल्या गोष्टीलाही तो हो म्हणतो.

तुम्हाला का सांगितलं नाही? संचिताची हिंमत झाली नाही. 'माझी आई हेडबाई आणि मी तिची नात शाळेतून काढली हे कुठल्या तोंडाने सांगू?' असं म्हणायची. उर्वीला सांगून ठेवलेलं की आजीशी खोटं बोलायचं नाही, फक्त शाळा कुठे आहे ते तिने विचारल्याशिवाय सांगायचं नाही. तुम्ही दर आठवड्याला विचारत होतात, 'आज शाळेत काय शिकवलं?' आणि पोर खरं सांगायची, 'अपूर्णांक.' तुम्ही म्हणायचात, 'बाई चांगल्या मिळाल्यात हो तुला!' तेव्हा फोनच्या या बाजूला बाईंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

पण शाळा काय झोकात चालली म्हणून सांगू! जेवणाचं टेबल गेलं, आम्ही आता मांडीवर ताट घेऊन जेवतो. न्हाणीघराच्या दारावर एकोणीसचा पाढा, फ्रिजवर नद्या. मिक्सर आणि प्रिंटर एकाच आठवड्यात हवे झाले, तर घरात सभा भरली आणि प्रिंटर आला. मी पाटा-वरवंटा काढला. तेव्हापासून चटणीला चव आली आहे, पण हे मी सभेत कबूल केलेलं नाही. आणि मला नोकरी लागली! विहीणबाई, उभ्या आयुष्यात पहिली नोकरी! एका शाळेला शिपाई लागतोच, आणि घरात रिकामी मीच होते. तुम्ही सेवानिवृत्त झालात आणि मी रुजू झाले. कसं वाटतंय?

घंटा द्यायचं काम माझं. घंटा कुठली, तर देवघरातली. पहिल्या दिवशी मी अशी दणक्यात दिली की समोरच्या दर्शनाताई हात जोडून दारात. त्यांना वाटलं आरती. आत बोलावलं, मोकळ्या हाताने कसं पाठवायचं म्हणून केळं दिलं. दुसऱ्या तासाला घंटा झाली, दर्शनाताई पुन्हा हजर. मधल्या सुट्टीला तिसऱ्यांदा, या वेळी डोक्यावर पदर घेऊन आणि जावेला घेऊन. आमच्या घरात केवढं देवाधर्माचं वातावरण आहे याची चर्चा तळमजल्यापर्यंत गेली आणि केळी संपली. शेवटी संचिताने त्यांना बसवून खरं काय ते सांगितलं. आता त्या घंटेवर येत नाहीत, पण आपल्या घरातला गॅस मात्र माझ्या घंटेवर लावतात.

आणि शिपायाच्या हातात किती सत्ता असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. भागाकार लांबला आणि पोरीचे खांदे पडले की मी घंटा देते. संचिता म्हणते, 'आई, अजून तास संपला नाही!' मी म्हणते, 'बाई, घंटा झाली.' झालेल्या घंटेला कोण काय करणार? तिने एकदा मला मेमो द्यायची धमकी दिलेली. मी म्हटलं, दे की, मला कुठे वाचता येतोय!

दर महिन्याला पालकसभा होते. पालक म्हणजे साईनाथ, तोही रात्रपाळी करून आलेला. संचिता बाई म्हणून खुर्चीत बसते आणि मुलीची प्रगती सांगते. मागच्या सभेत तिने तक्रार केली की उर्वी वस्तू जागच्या जागी ठेवत नाही. तर हा डोळे चोळत विचारतो, 'बाई, तिची आई घरी लक्ष देत नाही का हो?' सभा तिथेच बरखास्त. संध्याकाळपर्यंत बाई पालकाशी बोलल्या नाहीत आणि पालकाला स्वतःचा डबा स्वतः भरावा लागला.

माझ्या हातूनही एक घोटाळा झाला, तो तुम्हाला संचिता सांगण्याआधी मीच सांगते. ओट्यावर तीन फडक्यांत वाल बांधून ठेवलेले दिसले. एका फडक्यातले सुंदर मोड आलेले, एकातले अर्धवट, एकातले कोरडेच. मी म्हटलं, संचिताला अजून वाल भिजत घालता येत नाहीत, असू दे, नोकरी करणारी मुलगी होती. सगळे एकत्र करून सोलले आणि नारळ घालून बिरडं केलं. ते विज्ञान होतं! एक उजेडातलं, एक अंधारातलं आणि एक बिनपाण्याचं. उर्वीने प्रयोग लिहिला तो असा: निरीक्षण, चव चांगली. निष्कर्ष, प्रयोग आजीपासून दूर ठेवावा. (बिनपाण्याचे कच्चे राहिले होते. तेही लिहिलं होतं. — उ.)

पण मी वाल सोलत बसलेले असतानाच तुमचा तो फोन आला. बारशाच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही तिकडून काय विचारत होतात ते मला ऐकू येत नव्हतं, मला फक्त संचिताचं ऐकू येत होतं. ती पहिल्यांदा पांढरीफटक पडली. तिला वाटलं, आपलं गुपित फुटलं, आईला घरच्या शाळेचं कळलं. मग तिने मान ताठ केली आणि बोलली, ते मी जसंच्या तसं सांगते. 'हो, करते मी शाळा.' मग, 'घरातच करते. तुझ्यापासून लपवलं हे चुकलं, पण करते ते चुकलेलं नाही.' मग, 'साईनाथला सगळं माहीत आहे, त्याचा पाठिंबा आहे.' मग, 'उर्वीसाठीच तर करते! ती किती पटापट शिकते आहे, तू बघ तरी.' मग, 'आईंनाही घेतलंय त्यात. आधी कुरकुरल्या, आता सांगावं लागत नाही, आपणहून उठतात.' आणि शेवटी आवाज जड करून म्हणाली, 'तुझ्याकडे बघूनच शिकले ना मी हे.'

तुम्ही फोन ठेवलात. तेव्हापासून संचिताचा फोन तुम्ही उचललेला नाहीत.

मी हे आत्ता सांगताना उर्वी लिहायचं सोडून हसते आहे, मलाही हसू येतंय, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. बिरडं झालेलं बघून संचिता रडली तेव्हा मला वाटलं वालांसाठी रडते. तिने रात्री फळा पुसला आणि तारीख लिहिली नाही. मग साईनाथला म्हणाली, 'आईने जन्मभर मुलं शिकवली. तिला जर हे इतकं चुकीचं वाटत असेल की ती माझ्याशी बोलतही नाही, तर मीच चुकत असणार.' आता ठरलंय, येत्या जूनपासून उर्वी पुन्हा शाळेत. पुढच्या शनिवारी प्रवेश घ्यायला जायचं आहे. घरात तास चालू आहेत, पण बाईंचं लक्ष नाही, आणि मी घंटा वेळेवर देते, कारण लवकर दिली तरी ओरडायला कोणी नाही. परवा सकाळी रस्त्यावरून कुठली तरी बस गेली आणि पोर पोट धरून बसली. (थोडंसंच दुखलं. — उ.)

मग गेल्या आठवड्यात तुमचं लोणचं घेऊन विनिताताई आल्या. मला बघायला आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पाहुण्या येणार म्हणून वर्ग आतल्या खोलीत हलवलेला. त्या सोफ्यावर टेकतात तोच संचिता आतून म्हणाली, 'आई, घंटा!' आणि मी गुडघ्यावर हात ठेवून उठले. विनिताताईंचे डोळे भरले. मला गॅलरीत नेऊन माझे हात धरले, म्हणाल्या, 'सोसा हो. सगुणाताई पोटच्या पोरीविरुद्ध तुमच्या बाजूने आहेत.' मी म्हटलं, 'सोसायचं काय त्यात, मी आवडीने करते.' त्या आणखी रडल्या. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांचं एवढं दुःख या लोकांना आहे, किती चांगली माणसं! जाताना दारात चपला घालत त्यांनी संचिताला सुनावलं, 'तुझी शाळा आता बंद कर. निदान म्हाताऱ्या माणसाची तरी करू नकोस.' संचिताने मान खाली घातली. मी मात्र उभी राहून विचार करायला लागले, शाळा बंद कर हे समजलं, पण म्हाताऱ्या माणसाची शाळा म्हणजे काय? मी कधी पाटी घेऊन बसले? उर्वीला विचारलं. तिने सांगितलं, 'आजी, इमारतीतली मुलं म्हणतात ना, शाळा केली म्हणजे उल्लू बनवलं.' मी देवघराला धरून इतकी हसले की घंटा आपोआप वाजली आणि दर्शनाताईंनी गॅस लावला.

हसून झाल्यावर लक्षात आलं की हे प्रकरण किती अवघड आहे. तुमच्या लेखी तुमची लेक कारस्थानी. लेकीच्या लेखी तिची आई तिच्या शाळेवर नाराज. आणि तुम्हाला त्या शाळेचा पत्ताच नाही! तुम्ही म्हणाल, मग संचिताला लगेच का नाही सांगितलं? विहीणबाई, मी तिच्याबरोबर बारा वर्षं राहते. तिला कळलं की तुम्हाला अजून काही माहीतच नाही, तर ती म्हणेल, 'बरं झालं, आता गुपचूप मुलीला शाळेत घालू, म्हणजे आईला कधी कळायलाच नको.' तुमचा ओरडा चुकवायला ती एवढं नक्की करेल. म्हणून ती भाजीला गेल्याचं बघून मी हे पत्र सांगायला घेतलं. पत्र घडी करून उर्वी खालच्या पेटीत टाकेल, आणि मग जे व्हायचं ते होऊ दे.

माझं मागणं काहीच नाही. तुमच्या मनातली अढी जावी आणि खोकला जावा एवढंच. बाकी क्षेम आहे. फणसाच्या आठळ्या कोणी येणार असेल तर पाठवा.

तुमची
मालन
(हा अंगठा माझा आहे. शाई प्रिंटरची, सांडली म्हणून वापरली.)

ता. क. माझं मागणं काहीच नाही असं वर म्हटलं ते पत्राची रीत म्हणून. मागणं आहे. तुम्ही हेडबाई असताना तपासणीला साहेब यायचे, आणि तुम्ही आदल्या रात्री झोपायचा नाहीत, असं संचिता सांगते. आमच्या शाळेची तपासणी अजून झालेली नाही. शनिवारच्या आत या. दोन दिवस कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा आणि बघा. भूगोल कच्चा आहे, बाई दमलेल्या आहेत, शिपाई आगाऊ आहे, हे सगळं दिसेल तुम्हाला. त्यानंतरही बंद करा म्हणालात तर मी स्वतः घंटा देवघरात ठेवीन आणि एक शब्द बोलणार नाही. (एखादा बोलेन.) पण न बघता नापास करू नका.

ता. क. दुसरा. आजी, मी उर्वी. मी रोज मोठ्याने धडा वाचते, आणि समोरच्या दर्शनाकाकूंपर्यंत ऐकू जातो. तू येशील तेव्हा तुला पण वाचून दाखवीन. पत्र लगेच पेटीत टाक असं आजी म्हणते, पण श्रुतलेखन तपासल्याशिवाय द्यायचं नाही हा आमच्या शाळेचा नियम आहे. आई जिन्यात आली आहे.

ता. क. तिसरा.
श्रुतलेखन तपासले. 'सहानुभूती' आणि 'निष्कर्ष' बरोबर. अक्षर शेवटी शेवटी घाईचं आहे.
आई, मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जमिनीवर बसून. म्हणजे त्या दिवशी तू मला विचारत होतीस की मी सासूला छळते का, आणि मी हो म्हणत होते? आणि वर म्हणाले, तुझ्याकडे बघून शिकले! तरी तू त्यांना लोणचं पाठवलंस, मला नाही, याचा राग आहेच. आई, उर्वी आता बोलते. जेवताना बोलते, झोपेत बोलते, मध्ये मध्ये इतकं बोलते की मीच तिला गप्प बस म्हणते आणि मग मलाच कसंतरी होतं. मला नीट शिकवता येतं की नाही ते मला खरंच कळत नाही. रोज रात्री वाटतं, आपण तिचं काही बिघडवतो तर नाही ना. हे मी फक्त तुलाच विचारू शकत होते आणि तुलाच विचारायला घाबरले. शनिवारी मी कुठेही जात नाही. तू आल्याशिवाय नाही. — संचिता

ता. क. शेवटचा. पुन्हा मी, मालन. वर तिने काय लिहिलं ते दोघी मला वाचून दाखवत नाहीत. संचिता म्हणते 'तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलंय', म्हणजे काय असेल ते मी ओळखलं. ती आत्ताच तुम्हाला फोन लावते म्हणत होती, मी फोन उशीखाली घेऊन बसले आहे. फोनवर तुम्ही दोघी रडाल, मग मी रडेन, आणि पुन्हा कोणाला काही कळणार नाही. आणि या पत्राला उत्तर मात्र लिहू नका. मला वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्या हातात ते पडलं तर मला निम्मंच सांगतील. तुम्हीच या.